सादळलेला लॅपटॉप

दोन जुलैला सकाळी सव्वासहाला मी लॅपटॉपचं बटण दाबलं. बटणावरचा पांढरा दिवा लागला, पंखा फिरल्याचा बारीक आवाज आला आणि स्क्रीन काळीच राहिली. कंपनीचं चिन्ह नाही, एक अक्षर नाही. दोन मिनिटं वाट पाहिली. मग बटण दहा सेकंद दाबून धरून बंद केला आणि पुन्हा दाबलं. तेच. चौथ्या खेपेला चिन्ह उमटलं, आणि त्यानंतर रात्री दहापर्यंत तो एकदाही अडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीन वेळा काळी स्क्रीन.

मी चिपळूणला डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, कधीमधी एखादं पुस्तक. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा खालच्या गाळ्यातला माझा संगणक पाण्याखाली गेला आणि त्यातलं सात वर्षांचं काम त्याच्याबरोबर गेलं. चिखल काढून झाल्यावर पहिली खरेदी केली ती या लॅपटॉपची, कारण तो उचलून माळ्यावर नेता येतो. त्यामुळे तो सुरू झाला नाही की पोटात गोळा येतो तो यंत्रासाठी नसतो. त्या आठवड्यात त्यात एका निवृत्त गुरुजींनी लिहिलेला त्यांच्या गावाचा इतिहास होता, गणपतीच्या आधी छापायचा. देवळाची जुनी कागदपत्रं, कोणत्या वाडीत कोण कधी आलं, कोणती विहीर कोणी बांधली, हे त्यांनी तीस वर्षं फिरून जमवलेलं.

म्हणून तो चालू झाल्या झाल्या मी पहिलं काम केलं ते सगळं काम बाहेर काढण्याचं. एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर, गुरुजींच्या पुस्तकाची तिसरी एक पेनड्राइव्हवर. असा लहरी झालेला लॅपटॉप कोणाकडे असेल तर दुरुस्तीचा विचार नंतर करावा. तो सुरू झालाय त्या वेळेचा उपयोग आधी यासाठी करावा.

मग दुकानात नेला. तिथे सकाळी अकरा वाजता पहिल्याच दाबाला सुरू झाला. एक रात्र ठेवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, "ताई, नो डिस्प्लेचा प्रॉब्लेम दिसतोय. आधी विंडोज मारून बघू. नाहीच झालं तर बोर्ड बदलावा लागेल, चौदा हजार धरा." मी विचारलं, तुमच्याकडे तो किती वेळा बंद राहिला? ते म्हणाले, आमच्याकडे चालू होतोय. मी जाऊन परत घेऊन आले. ज्याने बिघाड डोळ्यांनी पाहिलाच नाही त्याच्या अंदाजावर चौदा हजार घालणं मला पटेना, आणि गुरुजींचं पुस्तक असताना विंडोज पुसून नव्याने टाकणं तर मुळीच नाही.

पुण्यात माझा भाचा डिप्लोमाला आहे. रात्री त्याला फोन केला. त्याने उपाय कुठलाच सांगितला नाही, नुसते प्रश्न विचारले. "आत्या, नेमकं कुठे अडतो ते सांग. चिन्ह येतं आणि मग अडतो, की चिन्हच येत नाही?" चिन्हच येत नाही. "मग कॅप्स लॉक दाबून बघ, त्याचा दिवा लागतो-विझतो का. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धर, आत पुसट काही दिसतं का. आणि टीव्हीला केबल लावून टीव्हीवर काही येतं का ते बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीनही करून पाहिलं. कॅप्स लॉकचा दिवा मेलेला. टॉर्चच्या उजेडात काहीही नाही. टीव्ही निळाच. याचा अर्थ त्याने समजावून सांगितला तो मला फार मोलाचा वाटला. टॉर्चमध्ये पुसट चित्र दिसलं असतं तर स्क्रीनमागचा उजेड गेलाय असं धरता आलं असतं. टीव्हीवर चित्र आलं असतं तर दोष स्क्रीनचा किंवा तिला जोडणाऱ्या केबलचा. कॅप्स लॉक चालला असता तर लॅपटॉप आत जागा आहे आणि फक्त दाखवत नाहीये. यातलं काहीच नव्हतं, म्हणजे तो जागाच होत नव्हता. बटण दाबल्यावर आधी बोर्डावरचा बायोस, म्हणजे यंत्राला जागं करणारा छोटा प्रोग्राम, उठतो, प्रोसेसर, चालू कामाची आठवण ठेवणारी रॅम वगैरे तपासतो, मग चिन्ह दाखवतो, आणि त्यानंतर कुठे डिस्कवरच्या विंडोजला हाक मारतो. माझा लॅपटॉप विंडोजपर्यंत पोचतच नव्हता. मग विंडोज नव्याने टाकून काय होणार होतं? काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये अशा वेळी कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो किंवा बीप वाजतात, आणि त्यावरून कोणता भाग अडलाय ते कळतं. माझ्यात तसलं काही झालं नाही.

खात्री करायला त्याने आणखी एक जागा दाखवली. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही असते. आदल्या वेळी लॅपटॉप नीट बंद न होता मध्येच गेला असेल, तर पुढच्या वेळी सुरू होताना विंडोज तिथे कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद करतं. मी जुलैच्या सगळ्या तारखा चाळल्या. एकही ४१ नव्हता. रात्रीचं बंद होणं व्यवस्थित, आणि सकाळच्या त्या काळ्या तीन-चार प्रयत्नांची विंडोजला दाद ना फिर्याद. ती सकाळ त्याच्या लेखी घडलीच नव्हती.

आता वही. ही कल्पनाही भाच्याचीच, पण राबवली मी. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली आणि प्रत्येक वेळी सुरू करताना लिहायला लागले: वेळ, चार्जर लावलेला की नाही, आधी किती तास बंद होता, कितव्या दाबाला सुरू झाला. पहिल्या दोन दिवसांत यातून काही दिसत नव्हतं आणि मला ते रिकामटेकडं काम वाटत होतं. अठरा जुलैपर्यंत ४६ नोंदी झाल्या. त्यात ११ वेळा पहिला दाब फुकट गेला होता, आणि त्या अकराच्या अकरा नोंदी सकाळच्या होत्या. दुपारी जेवायला बंद करून तासाभराने लावला तर एकदाही नाही. रीस्टार्ट केल्यावर एकदाही नाही. चार्जर असो वा नसो, त्याने फरक नव्हता.

मधल्या काळात एकेक संशयित बाजूला होत गेला. शेजारच्या वायरमन दादांनी मल्टिमीटर लावून चार्जर मोजला. १९.५ व्होल्टचा आहे, १९.४ दाखवला, पिन हलवूनही आकडा हलला नाही. चार्जर काढून बटण तीस सेकंद दाबून धरायचं, म्हणजे बोर्डावर साठलेली वीज निघून जाते, हेही केलं. त्या दिवशी लगेच सुरू झाला आणि मला वाटलं मिटलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

फास्ट स्टार्टअपवर मात्र माझा बराच दिवस संशय होता. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, हा प्रकार आला. आपण शट डाउन म्हणतो तेव्हा विंडोज पूर्ण मिटत नाही, आपल्या गाभ्याची आठवण डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच उचलतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने होतं. माझा लॅपटॉप रीस्टार्टला कधीच अडत नव्हता, म्हणून हेच असणार असं मी धरून चालले होते. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद केलं. पुढच्या तीन सकाळींपैकी दोन सकाळी काळी स्क्रीन. मी चुकीच्या फरकाकडे बघत होते. रीस्टार्ट आणि शट डाउनमध्ये अजूनही एक फरक असतो: रीस्टार्टला लॅपटॉप गरम असतो.

हे माझ्या डोक्यात आलं ते सासूबाईंमुळे. त्या सकाळी देवापाशी निरांजन लावत होत्या आणि काडी पेटत नव्हती. एक, दोन, तीन काड्यांचा गूल नुसता खरवडला गेला. त्या म्हणाल्या, "सादळल्येय मेली. रात्री शेगडीजवळ ठेवायची राहिली." आणि काडेपेटी गॅसच्या बाजूला ठेवून चहा झाल्यावर परत आल्या, तर पहिल्याच काडीला निरांजन लागलं. मी लॅपटॉपसमोर चौथ्यांदा बटण दाबून बसले होते. आमच्याकडे जुलैत कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, पापड उघडा राहिला तर तासात मऊ होतो, चपलांवर बुरशी येते. रात्रभर खिडकीखालच्या टेबलावर थंड पडलेलं यंत्र तेवढं कोरडं कसं राहील?

भाच्याला सांगितलं तेव्हा तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आत्या, हे तपासता येईल."

झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतला. फोटोग्राफर कॅमेऱ्यासाठी ठेवतात तसे सिलिका जेलचे नारिंगी दाणे कापडी पुरचुंडीत बांधून त्यात टाकले. हे दाणे कोरडे असताना नारिंगी असतात, ओलावा प्याले की हिरवट होतात, आणि मंद आचेवर तापवले की परत नारिंगी. त्यासाठी एक जुनी कढई मी वेगळीच काढून ठेवली, ती स्वयंपाकाला घ्यायची नाही. रात्री काम झालं की लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, तासभर गार होऊ द्यायचा आणि मग डब्यात. १९ ते २४ जुलै, सहा सकाळी, सहाही वेळा पहिल्या दाबाला चिन्ह. चोवीसच्या रात्री मुद्दाम टेबलावर उघडा ठेवला. पाऊस रात्रभर होता. पंचवीसला पाच वेळा बटण दाबावं लागलं. बिघडलेलं यंत्र पाहून मला आयुष्यात पहिल्यांदा इतका आनंद झाला असेल. तो मी सांगेन तेव्हा बिघडत होता!

ओलावा हे कारण कळलं, पण ओलावा कुठे नडतोय ते कळायचं होतं. भाच्याचा अंदाज रॅमचा होता. बायोस उठल्यावर अगदी सुरुवातीला रॅम शोधतो, ती सापडली नाही तर तिथेच थांबतो. शिवाय २०२३ मध्ये मी चार जीबीची दुसरी पट्टी बसवून घेतली होती, म्हणजे तो भाग एकदा उघडला गेलेला.

सव्वीसला दुपारी जेवणं आटोपल्यावर पाट मांडून त्यावर धुवट पंचा पसरला आणि लॅपटॉप पालथा घातला. भाचा व्हिडिओ कॉलवर. चार्जर काढलेला. खालचे अकरा स्क्रू. त्यातले दोन मागच्या रबरी पायांखाली लपलेले, ते कळेपर्यंत झाकण का निघत नाही म्हणून मी जीव काढत होते. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून जिथला स्क्रू तिथेच त्या चित्रावर टेपने चिकटवला, कारण लांबी सगळ्यांची सारखी नसते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डाला इजा होते. झाकणाच्या फटीत जुनं एटीएम कार्ड घालून कडेकडेने सोडवलं. टक् टक् असा आवाज येतो तेव्हा छातीत धडधडतं, पण ते खिटीचेच आवाज असतात. आत हात घालण्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. ते केल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. बॅटरी फुगलेली नाही ना तेही पाहून घेतलं. फुगलेली असेल तर तिथेच थांबावं, ती दाबूबिबू नये.

रॅमच्या दोन पट्ट्या एकावर एक तिरप्या बसवलेल्या असतात. दोन्ही बाजूच्या चिमट्या बोटांनी बाहेर लोटल्या की पट्टी आपोआप तीसेक अंशांत वर उठते. ती सरळ ओढायची. डीडीआर ४ च्या लॅपटॉपी पट्टीला दोन्ही बाजू मिळून २६० सोनेरी दाते असतात. वरची पट्टी मी खिडकीच्या उजेडात धरली आणि पाहतच राहिले. एका टोकाचे दाते लखलखीत, नव्या मंगळसूत्राच्या वाट्यांसारखे. दुसऱ्या टोकाला आठ-दहा दात्यांवर पांढुरकी साय धरलेली, आणि त्यातल्या दोघांवर, मोरीतल्या पितळी नळाच्या सांध्याला येतो ना, तसला हिरवा ठिपका. ती पट्टी ज्या खाचेत बसते तो स्लॉट मी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिला. तिथल्या स्प्रिंगांवरही तीच झाक. एवढ्याशा सायीने रोज सकाळी माझा जीव वर-खाली केला होता.

आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. त्यात कापसाची काडी बुडवून दाते एकाच दिशेने पुसले. पुष्कळ लोक खोडरबराने घासतात. मऊ पांढरं खोडरबर अगदी हलक्या हाताने चालतं, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं, म्हणून मी ते टाळलं. स्लॉटला मात्र लगेच हात लावला नाही. भाचा म्हणाला, एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने बरा झाला ते कळणार नाही. म्हणून दोन्ही पट्ट्या पुसून फक्त एकच पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावायची, आणि डबा बंद. रात्री लॅपटॉप टेबलावरच झोपणार.

झाकण लावून बटण दाबलं तर काळी स्क्रीन. हात गार पडले. भाचा शांतपणे म्हणाला, "थांब, बंद करू नकोस. रॅम बदलली की तो पहिल्यांदा तिची नव्याने ओळख करून घेतो." मिनिटभराने चिन्ह आलं. ज्यांना हे माहीत नसतं ते त्या मिनिटात बटण दाबून धरतात आणि आपणच काहीतरी तोडलं असं समजतात. मीही तेच करणार होते. आत गेल्यावर दिसलं की तारीख काही वर्षं मागे गेली आहे. म्हणजे बॅटरी सोडवल्यावर घड्याळ सांभाळणारा बटण सेलही संपलेला निघाला. मूळ बिघाडाशी त्याचा संबंध नव्हता, पण सापडलाच आहे तर बदलला. तीन व्होल्टचा सीआर २०३२, माझ्या लॅपटॉपला तारा आणि पिन जोडलेला लागतो, तसाच तयार मागवला.

पहिली पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये: तीन सकाळी ठीक. दुसरी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये: तीन सकाळी ठीक. मग पहिली, तिच्याविषयी काहीच तक्रार नसलेली पट्टी, दुसऱ्या स्लॉटमध्ये. दुसऱ्याच सकाळी अडला. पट्ट्या दोन्ही निर्दोष होत्या. दुखणं दुसऱ्या स्लॉटचं होतं. यातली प्रत्येक सकाळ खर्ची पडत होती आणि गुरुजी मधूनमधून फोन करत होते, पण त्यांना मी खरं ते सांगितलं आणि ते म्हणाले, "बाई, तीस वर्षं गेली, आठ दिवसांनी काय होतंय."

स्लॉट मऊ ब्रशने आणि अल्कोहोलने दोनदा साफ केला, पूर्ण वाळू दिला, दोन्ही पट्ट्या परत बसवल्या. बारा सकाळी एकही दाब फुकट नाही. वहीत बारा बरोबरच्या खुणा ओळीने. तेराव्या सकाळी, सतत चार दिवस धो धो कोसळल्यानंतर, पुन्हा काळी स्क्रीन. मला रडू आलं, हे लिहायला मला संकोच नाही. बरा झाला असं सगळ्यांना सांगून बसले होते. भाचा म्हणाला, साय निघाली पण तिथल्या स्प्रिंगांची पकड किंवा मुलामा गेला असणार, तो स्लॉट आता भरवशाचा नाही. स्लॉट बदलायचा तर बोर्डावरचं डाग देण्याचं काम, ते बोलून चालून कारागिराचं.

पण मला दुसरा स्लॉट हवाच कशाला होता? आठ जीबी पाहिजे, तर आठची एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये बसते. तशी पट्टी पंधराशेला मिळाली. ती लावून रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू ठेवला. तो पेनड्राइव्हवरून चालतो, विंडोजशिवाय, आणि रॅमचा कानाकोपरा लिहून-वाचून तपासतो. सकाळी शून्य चुका. दुसऱ्या स्लॉटचं तोंड मी स्वच्छ करून रिकामं सोडलं. पट्टी, अल्कोहोल, सेल, स्क्रूड्रायव्हर, दाणे सगळं धरून दोन हजार झाले, म्हणजे बोर्डासाठी सांगितलेल्या आकड्याचा सातवा हिस्सा. त्या दुकानात जाऊन मी हे सगळं सांगितलं, वहीही दाखवली. त्यांनी पानं मन लावून वाचली आणि त्या ४६ नोंदींच्या पानाचा फोटो काढून घेतला.

गुरुजींचं पुस्तक २१४ पानांचं झालं आणि गणपतीच्या पाच दिवस आधी छापखान्यात गेलं. विहिरींच्या प्रकरणाचं शेवटचं प्रूफ मी ज्या सकाळी काढलं त्या सकाळीही पाऊस होताच. वही मी अजून लिहिते, आता फक्त एक आकडा: कितव्या दाबाला. गेले सगळे एक आहेत. डबाही चालू आहे, कारण ओलावा बाकीच्या भागांनाही सोडणार नाही. रात्री दहाला मी लॅपटॉप त्यात ठेवते आणि झाकण लावण्याआधी सासूबाईंना हाक मारते, कारण त्यांची काडेपेटीही त्याच डब्यात असते.